वाचकांचे प्रश्न : नैरोबीतील काँगोली सूर

प्रश्न : सांबा मापांगाला यांचा अल्बम ऐकला. गायक काँगोचे असताना गाणी स्वाहिलीतही कशी, आणि गाण्याची लय मध्येच का बदलते?

उत्तर : मापांगाला यांचा जन्म काँगोतील मातादीचा, परंतु १९७० च्या दशकात ते युगांडामार्गे नैरोबीला आले आणि तेथे त्यांनी ज्वालामुखी पर्वतरांगेचे नाव घेऊन ‘ऑर्केस्ट्रा विरुंगा’ उभा केला, त्यामुळे काँगोतील लिंगाला भाषेच्या जोडीला पूर्व आफ्रिकेची स्वाहिली ओघानेच आली. लय बदलते तो भाग म्हणजे ‘सेबेन’ : शब्द मागे पडतात, एक गिटार छोटीशी सुरावट पुन्हा पुन्हा घोळवते, दुसरी तिच्या फटींतून वाट काढते आणि नाचणाऱ्यांना मैदान मोकळे होते. खरी मौज (निदान आमच्या मते) तेथेच असल्याने गाणे अर्ध्यावर सोडू नये.