वाड्यातले तीन बाळू

प्रश्न : माझ्या लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची, त्यातले जेमतेम ६ जीबी उरलेत. नातवाच्या मुंजीचे फोटो आधी मी फोनवरून उतरवले, मग मुलाने, मग फोन बदलताना सुनेने. आता एकेक फोटो तीन-तीनदा दिसतो. हाताने निवडायला बसले तर धाकट्याची मुंज येईल. काय करू?
– एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : आजी, एक दुपार पुरेल. फक्त नावावर जाऊ नका. आमच्या वाड्यात तीन बाळू होते, तिघांची तोंडं तीन दिशांना. दोन कॅमेरे दोन वेगळ्या फोटोंना खुशाल एकच नाव देतात, आणि एकच फोटो तीन नावांनी नांदतो.

त्यामुळे दुबार फायली शोधणारा चांगला प्रोग्रॅम आधी फायलींचा आकार जुळवतो. बाइटचाही फरक असेल तर प्रश्न मिटला. आकार जुळला, तर आतल्या मजकुरावरून हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, काढतो. दोन ठसे जुळले, की फाइल तीच. एमडी५ पद्धतीत तो ३२ अक्षरांचा असतो. फोटोतला एक ठिपका बदललात, तरी सगळा हॅश बदलतो.

डुपगुरू हा फुकट प्रोग्रॅम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याला फक्त फोटोंचे फोल्डर दाखवा. ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरांच्या वाटेला जाऊ नका. तिथली दुबार दिसणारी फाइलही कुठल्या तरी प्रोग्रॅमला लागत असते. जे फोल्डर ठेवायचं ते ‘रेफरन्स’ करा, म्हणजे त्यातली फाइल उडत नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मात्र या चाळणीतून निसटतो, कारण पाठवताना तो दाबून लहान केलेला असतो. डोळ्यांना तोच, हॅश वेगळा. त्यासाठी डुपगुरूत चित्रं ताडून बघायची वेगळी सोय आहे. पण ती भिक्षावळीचे लागोपाठ काढलेले चार फोटोही एकाच गठ्ठ्यात टाकेल, तेव्हा तिथे चष्मा लावून बसा आणि मोठ्या आकाराचा फोटो ठेवा.

एक माझं लचांड सांगतो. विम्याची पावती दोन ठिकाणी दिसली म्हणून मी एक पुसली. ती नेमकी क्लाउडशी, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्याशी, सिंक होणाऱ्या फोल्डरमधली. इथे पुसलं, की सगळीकडे पुसलं. बायको लक्ष्मी रोडवर, फोन हातात, आणि फोनमधली पावती गायब! क्लाउडच्या कचरापेटीतून परत मिळाली, पण संध्याकाळचा चहा माझा मीच केला. म्हणून अशी फोल्डरं आधी बाजूला ठेवा. कपाटातली बॅकअपची डिस्कही या वेळी जोडू नका. तिच्यातली प्रत जादा नाही, ती मुद्दाम ठेवलेली आहे.

पुसलेलं सगळं रीसायकल बिनमध्ये जातं आणि ते रिकामं करेपर्यंत जागा सुटत नाही. ‘एवढं केलं तरी ६ जीबीच!’ असं पत्र पाठवण्याआधी तेवढं बघा. मात्र आठवडाभर थांबून, सुनेला एकदा विचारून मगच रिकामं करा. आणि सुरुवात व्हिडिओंपासून. मुंजीचा एक व्हिडिओ शेकडो फोटोंची जागा अडवून बसलेला असतो.