वाचकांचे प्रश्न : किट घरी आलं, आता सुरुवात कुठून करू?

या वेळी आलेल्या पत्रांत मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम टाकून चालवायची छोटी चिप) किटचे प्रश्न बरेच होते, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली. सारख्या वाटलेल्या प्रश्नांना एकत्रच उत्तर दिलंय.

ताई, मुलीने वाढदिवसाला आर्डुइनो उनोचं स्टार्टर किट दिलं. डबा उघडला तर एवढ्या वायरी अन् एवढे सुटे पार्ट की पाहूनच परत बंद करून ठेवला. बँकेत आयुष्य गेलं, प्रोग्रामिंगचा प माहीत नाही. व्हिडिओ पाहून राहिलो पण सगळं डोक्यावरून जाते. या वयात जमेल का, अन् पहिल्या दिवशी नेमकं करू काय? (निवृत्त कर्मचारी, मनीषनगर)

काका, जमेल. तुमचं मन राखायला म्हणत नाहीये, आर्डुइनो (तुमच्या डब्यातला उनो हा त्याचाच एक बोर्ड) २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रिया गावात सुरू झालं तेच मुळी डिझाइन शिकणाऱ्या पोरांसाठी, ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नव्हतं अशांसाठी. म्हणजे ते तुमच्यासारख्यांसाठीच आहे.

पहिल्या दिवशी डब्यातून फक्त बोर्ड, यूएसबी केबल, ब्रेडबोर्ड (पार्ट खोचायचा भोकांचा बोर्ड), एक लाल एलईडी, २२० ओहमचा एक रेझिस्टर (करंट आवरणारा पार्ट) आणि दोन वायरी काढा, बाकी डबा बंद. सेन्सर, मोटर, डिस्प्ले सगळं राहू द्या तिथेच. लोक पहिल्याच रविवारी रोबोट करायला बसतात आणि पुढच्या रविवारी किट माळ्यावर जातं, हे मी फार घरांत पाहिलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण माणूस हुशार असतो, फक्त चुकीच्या टोकाकडून सुरू करतो.

आता ब्रेडबोर्ड नीट पहा. मधल्या भागात पाच-पाच भोकांच्या छोट्या रांगा आहेत, एका रांगेतली पाचही भोकं आतून जोडलेली असतात, आणि मधली लांब खाच दोन्ही बाजू वेगळ्या करते. एलईडीचे दोन्ही पाय एकाच रांगेत खोचले तर काहीच पेटणार नाही, करंट आतल्या पत्रीतूनच निघून जातो. सुरुवातीला सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. लांब पाय प्लसकडे, म्हणजे रेझिस्टरमधून बोर्डच्या १३ नंबरच्या पिनला, आखूड ग्राउंडकडे (जीएनडी). रेझिस्टरवर लाल-लाल-तपकिरी पट्टे असतील तर तो २२० ओहमचा, निळ्या रंगाचा पाच पट्ट्यांचा असेल तर लाल-लाल-काळा-काळा-तपकिरी. तो लावायचा कशाला? तर पिनमधून येतात ५ व्होल्ट, लाल एलईडी त्यातले साधारण २ खातो, उरले ३, भागिले २२०, म्हणजे साडेतेरा मिलिअँपच्या आसपास. उनोची पिन २० पर्यंत आरामात देते. रेझिस्टर नसला तर एलईडी जाईल किंवा पिन जाईल. हिशोबात तर तुमचा हात कोण धरणार काका!

मग कॉम्प्युटरवरच्या आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या उदाहरणांतला ब्लिंक नावाचा प्रोग्राम उघडा. त्यात सेटअपमधलं एकदाच चालतं आणि लूपमधलं पुन्हा पुन्हा, बस, एवढं कळलं तरी पहिला दिवस झाला. डिलेमध्ये (थांबायच्या वेळेत) १००० लिहिलेलं असतं, म्हणजे एक सेकंद. ते २०० करा, पण अपलोड करायच्या आधी वहीत लिहा की काय होईल असं वाटतं. मग अपलोड करून पहा. अंदाज बरोबर आला तर उत्तम, चुकला तर आणखी उत्तम, कारण तिथेच खरं शिकणं होतं. आठवडाभर हेच करा, दोन एलईडी लावा, आळीपाळीने पेटवा, एक बटण जोडा. व्हिडिओ तोपर्यंत बंद ठेवा.

बोर्डवरचा लाइट लागतो पण कॉम्प्युटरवर पोर्टच दिसत नाही. बोर्ड खराब निघाला का? (विद्यार्थी, हिंगणा रोड, असेच आणखी काही प्रश्न)

बहुतेक नाही. आधी केबल बदलून पहा, कित्येक केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच. तरी दिसला नाही तर बोर्डवरची यूएसबीची चिप पहा, स्वस्तातल्या क्लोन (नकलेच्या) बोर्डांवर सीएच३४० असते आणि तिचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला ती चिप ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) कधीकधी वेगळा टाकावा लागतो. पोर्ट दिसूनही अपलोड होत नसेल तर टूल्समध्ये बोर्ड उनो निवडलाय ना ते बघ, आणि ० व १ नंबरच्या पिनला काही जोडलं असेल तर काढ, अपलोड त्याच वाटेने होतं. हे सगळं करूनही नाही झालं तरच दुकानात जा.

माझी मुलगी आठवीत आहे. डीएचटी११ सेन्सरने तापमान मोजून रिलेवरून (बोर्डने चालणाऱ्या स्विचवरून) कूलर आपोआप चालू-बंद करायचा म्हणते. सेन्सर भिंतीवरच्या थर्मामीटरपेक्षा दोन डिग्री वेगळं दाखवते, काऊन ते समजत नाही. आणि मला कूलरची भीती वाटते, करू देऊ का? (गृहिणी, त्रिमूर्तीनगर)

ताई, आधी भीतीचं. तुमची भीती अगदी रास्त आहे. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात, लोखंडी बॉडी, ओली जमीन आणि २३० व्होल्ट. रिले मॉड्यूलच्या खालच्या बाजूला सोल्डरचे टाके उघडे असतात, करंट असताना तिथे बोट लागलं की झालं. तेव्हा रिले आणि घरची लाइन हा विषय सध्या नकोच, कितीही हट्ट केला तरी.

पण तिचा उत्साह मोडू नका हो, कूलरच ठेवा, प्रश्न बदला. आपल्याकडे रात्री दोन वाजता टाकी कोरडी होते आणि गरम वारा यायला लागल्यावर घर जागं होतं, हो ना? तिला पाणी संपत आल्याची सूचना देणारा बझर करू द्या. किटमध्ये पाण्याची पातळी मोजायची उघड्या तांब्याच्या पट्ट्यांची पट्टी असते, ती कायम पाण्यात ठेवली तर गंजते, वर आपल्या बोअरच्या पाण्याचा खार चढतो. त्यापेक्षा छोटा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) घ्या. त्याची एक वायर २ नंबरच्या पिनला, दुसरी ग्राउंडला, प्रोग्राममध्ये पिन इनपुट पुलअप. स्विच जुळला की पिन लो (शून्य व्होल्ट) वाचते, सुटला की हाय (५ व्होल्ट). उलटं वागत असेल तर तरंगणारा भाग काढून पालथा घातला की काम झालं. आधी हे सगळं बादलीत करून पाहू द्या तिला, भरा, रिकामी करा, कुठल्या पातळीला वाजतो ते तिनेच लिहून काढू दे. कूलरमध्ये बसवताना मात्र प्लग भिंतीतून काढून ठेवायचा आणि मोठं माणूस सोबत पाहिजे. बोर्ड पाण्यापासून लांब, कूलरच्या बाहेर. आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून कूलरचं अर्थिंग तेवढं तपासून घ्या, किट असो नसो.

आता ते दोन डिग्री. डीएचटी११ ची अचूकताच मुळात दोन डिग्री इकडेतिकडे आहे, म्हणजे तुमचा सेन्सर बिचारा नियमातच वागतोय. शिवाय त्याची मर्यादा ५० अंशांपर्यंत, नवतपात गच्चीवर उन्हात ठेवला तर आकड्याला काही अर्थ उरणार नाही. नेमकं पाहिजे असेल तर डीएस१८बी२० नावाचा सेन्सर घ्या, तो साधारण अर्ध्या अंशापर्यंत बरोबर सांगतो, सोबत ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. आणि मुलीला ही गोष्ट जरूर सांगा की २०२४ च्या मे महिन्यात आपल्याच नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडून पाहायची सवय तिला आठवीतच लागली तर किटचे पैसे तिथेच वसूल.

उनो घेऊ की सरळ ईएसपी३२? त्यात वायफाय पण येते. (नोकरदार, वर्धा रोड)

पहिलाच बोर्ड असेल तर उनो घ्या. ईएसपी३२ ताकदवान आहे, पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि किटमधले बरेच सेन्सर ५ व्होल्टवर चालतात, तो सिग्नल थेट दिला तर पिन जाऊ शकते. नवीन माणसाला नेमकं हेच लक्षात राहत नाही. उनोवरची एटमेगा३२८पी चिप जुनी आहे, प्रोग्रामला ३२ केबी आणि रॅम अवघी २ केबी, तरी शिकायला भरपूर झालं. फोनवर मेसेज यावा असं खरंच काही करायचं ठरलं की मग ईएसपी३२. तोवर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाल तेव्हा २२० ओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर जास्तीचे आणून ठेवा, डब्यातले लवकर संपतात.