दाराला दोनदा रंधा का मारावा लागला?

पत्र : शेजाऱ्यांनी दीड महिन्यापूर्वी तळघरासाठी खोदकाम सुरू केलं. त्या बाजूच्या आमच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे गेलेत. वीस वर्षांचा घरोबा आहे. ते म्हणतात, काम संपलं की आमचा गवंडी गिलावा करून, रंग मारून देईल. तोवर ‘काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही द्या. सही केली तर नुकसान माझ्या माथी, नाही केली तर संबंध तुटणार. शिवाय मागच्या खोलीचं दार घासतं, तिथे झोपणाऱ्या आईची झोपमोड होते, म्हणून सुताराकडून दोनदा रंधा मारून घेतला. तो खर्च वेगळाच. काय करू?

उत्तर : तडे, घरोबा, सहीचा कागद, सगळं वाचलं. पण मी अडकले त्या दारापाशी. दोनदा रंधा मारलात, आणि ते सांगितलंत खर्चाच्या हिशेबात, जाता जाता!

आधी एक काम करा. आज रात्री आईचा पलंग त्या खोलीतून हलवा, शेजाऱ्यांच्या खड्ड्यापासून सगळ्यात लांबच्या खोलीत. बाकीचं त्यानंतर वाचा.

दमट हवेनं लाकूड फुगतं तेव्हा दार उभ्या कडेला बरंच लांबवर घासतं आणि हवा कोरडी झाली की आपोआप सुटं होतं. चौकटच तिरकी झाली तर ते वरच्या एका कोपऱ्यात घासतं, त्याच बाजूला खाली फट वाढते आणि कुलपाची जीभ खाचेत न जाता कडेवर आदळते. रंधा मारला की काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा घासतं. सुतारानं लाकूड काढलं तेवढी चौकट आणखी खाली आलेली असते. पहिल्यांदा तुमची गफलत झाली असेल. दुसऱ्यांदा सुताराला बोलावलंत तेव्हा मात्र घर अजून खचतंय हे तुमच्या डोळ्यांसमोर होतं, आणि तो पुरावा तुम्ही पैसे देऊन तासून काढलात.

टेप घ्या आणि चौकटीचे दोन्ही कर्ण आतून मोजा: वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, मग उलट. चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात असेल तर दोन्ही सारखे भरतात. 2.1 मीटर उंच आणि 90 सेंटिमीटर रुंद चौकटीची एक बाजू 5 मिलिमीटर खाली गेली की दोन कर्णांत जवळपास 9 मिलिमीटरचा फरक पडतो. जुन्या चौकटीत थोडा फरक मुळातलाच असू शकतो, म्हणून एका मापावर जाऊ नका. टेप धरली तिथे पेन्सिलनं खूण करा आणि रोज सकाळी त्याच वेळी मोजून वहीत लिहा. आकडा वाढत गेला तर पाया हलतोय.

आणि तो का हलतो ते पाहा. तुमच्या पायाखालच्या मातीला बाजूच्या मातीचा आधार असतो. पायाच्या तळाच्या कडेपासून खड्ड्याच्या दिशेनं 45 अंशांत खाली उतरती रेघ मनात ओढा. खड्डा त्या रेघेच्या आत शिरला की आधार गेला. पाया 1.2 मीटर खोल आणि खड्डा 3 मीटर, तर तुमच्या पायापासून 1.8 मीटरच्या आतली प्रत्येक खोदाई धोक्याची. खड्ड्यातलं पाणी पंपानं उपसत असतील तर ते काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाशी जाड गाळ बसला तर पाण्याबरोबर तुमच्या घराखालची मातीही निघून जात असण्याची शक्यता आहे.

म्हणून तो गिलावा आत्ता नकोच, फुकट मिळाला तरी. हलत्या भिंतीत सिमेंटनं बुजवलेला तडा शेजारून पुन्हा फुटतो, आणि मूळचा तडा किती रुंद होता हे दाखवायला काही उरत नाही. प्रत्येक तड्याजवळ मोजपट्टी धरून फोटो काढा, टोकाला पेन्सिलनं रेघ आणि तारीख. दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा ठोकून व्हर्निअरनं (बारीक अंतर मोजायच्या साधनानं) त्यांतलं अंतर मोजत राहा. सुताराकडून दोन्ही वेळच्या पावत्या, तारखांसह, मागून घ्या. त्या आता कामाच्या आहेत. तडा 15 मिलिमीटरच्या वर गेला, खिडकीची काच आपोआप तडकली किंवा भिंतीतून आवाज येऊ लागले, तर मोजत बसू नका. गॅस बंद करा आणि घराबाहेर पडा.

सही करायची नाही. त्या कागदाच्या जागी उद्या तुमचा कागद जाईल. मजकूर एवढाच:

‘आपल्या खोदकामानंतर आमच्या घराला तडे गेले आहेत, मागच्या खोलीची चौकट तिरकी झाली आहे आणि हालचाल सुरूच आहे. फोटो व मापं जोडली आहेत. आमच्या बाजूचं खोदकाम आजपासून थांबवावं आणि पाण्याचा उपसा आमच्या इंजिनिअरच्या सल्ल्यानं थांबवावा. आम्ही नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहून लेखी मत दिल्याशिवाय ते पुन्हा सुरू करू नये. आपल्या व कंत्राटदाराच्या विम्याचा तपशील द्यावा.’

एक प्रत शेजाऱ्यांना, एक कंत्राटदाराला, एक बांधकामाची परवानगी देणाऱ्या कार्यालयाला. पोच घ्या. इंजिनिअर तुमचाच हवा, कंत्राटदारानं पाठवलेला चालणार नाही. पंप एकदम बंद करायचा की खड्ड्याची कड आधी भरून घ्यायची, हे तो जागेवर येऊन सांगेल, म्हणून त्यालाही उद्याच बोलवा. तुमच्या घराचा विमा असेल तर विमा कंपनीलाही उद्याच कळवा; त्यांनी पाहण्याआधी दुरुस्ती झाली तर दावा अडकू शकतो. भरपाईचा आकडा आत्ता बोलू नका. घर हलायचं थांबल्याशिवाय तो कुणालाच काढता येणार नाही.

राहिला घरोबा. दीड महिना तुम्ही तो जपलात तो गप्प राहून, आणि तेवढ्या वेळात खड्डा खोल होत गेला. आता शेजाऱ्यांकडे जाल तेव्हा संकोच सोडा आणि त्यांना एक गोष्ट दाखवा: तुमची भिंत ज्या मातीवर उभी आहे, तिच्या पायथ्याशी रोज सकाळी मजूर उतरतात. माती सरकली तर ती आधी त्यांच्या अंगावर येईल. पत्र उद्या ते खड्ड्यात उतरायच्या आत पोचलं पाहिजे.