शनिवारची संध्याकाळ, वाइनशिवाय

तुमचा प्रश्न असा आहे: दर शनिवारी तुम्ही दोघं वाइन घेऊन निवांत गप्पा मारत बसायचात. आता बायकोला पाचवा महिना लागलाय, वाइन बंद झाली आहे, आणि बाहेर जेवायला गेलं की ती लिंबूपाणी ढवळत बसते, नऊ वाजता पेंगायला लागते. दोघांचा म्हणून असलेला वेळ हातचा जातोय असं तुम्हाला वाटतंय.

दोन्ही बाळंतपणांच्या अनुभवावरून सांगते, पेल्यात काय ओतायचं यापेक्षा वेळ बदलणं जास्त महत्त्वाचं आहे. रात्री साडेआठला तिच्या अंगात त्राणच उरत नसेल, तर बेत सकाळचा करा. रविवारी सकाळी लवकर एखाद्या मोठ्या बागेत जा, मोठ्या झाडांच्या सावलीत रमतगमत फिरा, मग गरम इडली किंवा उपमा खा आणि दहाच्या आत घरी या. सकाळी माणूस ताजंतवानं असतं, बोलायला उत्साह असतो. पहिल्या तीन महिन्यांत मळमळीमुळे हेही जमत नाही. पण चौथ्या-पाचव्यापासून बहुतेकींना बरं वाटायला लागतं, तेव्हा हे मधले महिने वाया घालवू नका.

नाटक हा दुसरा उत्तम बेत. तुम्ही कोथरूडचे, म्हणजे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह घरचंच. रात्री साडेनऊचा प्रयोग नको, दुपारचा किंवा संध्याकाळी पाचचा घ्या. तिकीट काढताना कडेची खुर्ची मागा, कारण दर तासाला तिला उठावं लागणार आणि मधल्या रांगेतून गुडघे ओलांडत जाणं नकोसं होतं. गाण्याची आवड असेल तर छोटी मैफल निवडा आणि स्पीकरच्या भिंतीसमोर बसू नका. तासन्‌तास भारतीय बैठकीत बसणं तिला आता झेपणार नाही, खुर्ची आहे ना हे आधी विचारून ठेवा.

आता पेल्याचं. ‘एखादा घोट चालतो’ असं कोणीतरी नक्की सांगेल. ऐकू नका. गरोदरपणात दारूचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही, ती वारेतून (प्लॅसेंटातून) बाळापर्यंत पोचते. ‘नॉन-अल्कोहोलिक’ लिहिलेल्या बाटलीतही कधीकधी ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं, त्यामुळे ०.० लिहिलंय का ते बघा. कोम्बुचा म्हणजे आंबवलेला चहा, तोही टाळा. हॉटेलातली मॉकटेल्स म्हणजे बरेचदा नुसतं साखरेचं सिरप, आणि या काळात साखर वाढण्याचा धोका आपल्याकडे बऱ्याच जणींना असतो. कॉफी चालते, पण दिवसभरात सगळं मिळून २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत. इन्स्टंट कॉफीच्या एका मगात साधारण १०० असतं, आणि चहाही त्यातच मोजायचा.

त्यापेक्षा घरी आमसुलं घ्या. दहा-बारा आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, हाताने चांगली कुस्करून गाळा. भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सैंधव आणि अगदी थोडी खडीसाखर घाला. तुमचे तेच उंच दांड्याचे ग्लास काढा, अर्ध्यापर्यंत हा गडद लाल अर्क भरा आणि वरून गार सोडा सावकाश ओता. गुलाबी फेस काठापर्यंत चढतो आणि जिऱ्याचा वास थेट नाकात जातो. तिला आंबट सोसत नसेल किंवा छातीत जळजळत असेल तर केशर-जायफळाचं मसाला दूध करा, सोडा सोडून द्या.

तिच्यासमोर तुम्हीही घेऊ नका, हे माझं ठाम मत. आमच्या घरी ह्यांनी दोन्ही वेळा नऊ महिने पूर्ण बंद ठेवली होती. मी मागितलं नव्हतं, पण मला त्याचं फार बरं वाटलं. गरोदरपणात वासही नको इतका तीव्र येतो.

आणखी एक सुचवते. डोहाळजेवण बागेतलं, होडीतलं, चांदण्यातलं अशी आपल्याकडे किती सुंदर पद्धत आहे! नातेवाइकांचं सातव्यात होईलच. त्याआधी तुम्ही दोघांचंच एक चांदण्यातलं करा. पौर्णिमेला गच्चीवर सतरंजी, पाठीला लोड, तिला खावंसं वाटेल तेच ताटात, आणि मोगऱ्याचा गजरा तुम्ही आणायचा. रस्त्यावरची पाणीपुरी, कच्ची मोडं, अर्धवट शिजलेली अंडी मात्र ताटात नकोत. जेवण आठच्या आत उरका, म्हणजे आडवं होईपर्यंत दोन तास मिळतात आणि आंबट ढेकरा येत नाहीत. सगळी मांडामांड आणि नंतरची भांडी तुमच्याकडे. तिला विचारत बसू नका, करून टाका.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल किंवा रक्तस्राव झाला असेल तर फिरणं-नाटक बाजूला ठेवा, आधी त्यांना विचारा. आठव्यानंतर घराजवळचेच बेत ठरवा आणि तपासणीची फाइल गाडीत असू द्या.

तिला गाणं जास्त आवडतं की नाटक ते लिहा, त्याप्रमाणे पुढचे बेत सुचवते.