खेट्याला निघण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. कोल्हापूरजवळच्या जोतिबावर लिहायचंय, पण गुरव एक सांगतात, आजी दुसरंच, यूट्यूबवर तिसरंच, मग खरी कथा कोणती, असं विचारतेस. त्या नादाला लागू नकोस. कथा कुणी सांगितली, तो कुठल्या गावचा, एवढं मात्र वहीत टिपत जा. दोन कथांना टाके घालून एक अखंड गोष्ट शिवलीस, तर दोन्ही हातच्या जातील.

यमाई देवीचंच बघ. औंधासुराशी झुंजताना जोतिबानं तिला ‘ये माई’ म्हणून हाक मारली, म्हणून ती यमाई, असं आपल्याकडं सांगतात. साताऱ्याकडच्या औंधला, तिच्या देवळात गेलीस तर ऐकशील की सीतेचं रूप घेऊन आलेल्या पार्वतीला रामानं ओळखलं आणि ‘ये माई’ म्हणाला. नाव एक, हाक मारणारे दोन. मला तर यातच गंमत वाटते. तू न्यायाधीश होऊ नकोस.

मुख्य कथा तुला पाठच आहे. करवीरात अंबाबाई कोल्हासुराशी लढत होती, तिच्या मदतीला उत्तरेतून केदारनाथ, म्हणजेच आपला जोतिबा, आले आणि त्यांनी डोंगरावर रत्नासुराला मारलं. म्हणून त्या ठिकाणाचं नाव वाडी रत्नागिरी. दैत्य मेले, पण गावाला कोल्हासुराचं आणि डोंगराला रत्नासुराचं नाव राहिलं. हरलेल्याचं नाव जपणारी ही रीत कुठून आली असेल, यावर तू विचार कर. मला अजून धड उत्तर सुचलेलं नाही.

आता खेट्यांकडे, म्हणजे माघातल्या अनवाणी वारीकडे येतो, कारण तुझ्या लेखाचा जीव तिथं आहे. काम झालं तसे केदारनाथ हिमालयाकडे परत निघाले. अंबाबाई अनवाणी चालत त्यांच्यामागं गेली, थांबा म्हणून विनवलं, आणि ते थांबले. दक्षिणेवर नजर ठेवून बसले. मूर्ती दक्षिणाभिमुख का, याचं उत्तर लोक असं देतात. माघातल्या रविवारी माणसं पायात काही न घालता कोल्हापुरातून निघतात, ती अंबाबाईच्या त्या वाटेनं. पंचगंगेवर आंघोळ, मग वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख आणि चढण. सतराअठरा किलोमीटर भरतं.

मी पहिल्यांदा गेलो तो आईचा पदर धरून. पहाटे पाय गारठलेले, आणि उतरताना दुपारच्या डांबरानं पोळलेले. आई वाटभर एक शब्द बोलली नाही, फक्त चढणीला ‘चांगभलं’ म्हणायची. देवी अनवाणी का आली, हे मला कुणी समजावून सांगितलेलं आठवत नाही. पायानं कळलं. म्हणून सांगतो, गाडीनं वर जाऊन हा लेख लिहू नकोस.

देवळात गेलीस की मात्र वहीचं दुसरं पान उघड. इथं ‘म्हणतात’ चालणार नाही. मूळचं देऊळ नावजी सया यांनी बांधलं, आजचं 1730 मध्ये राणोजी शिंद्यांनी. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळपुरुष ते; जोतिबा त्यांचं कुलदैवत, आणि एका मुलाचं नावही जोतिबा. शेजारचं केदारेश्वर 1808 मध्ये दौलतराव शिंद्यांनी उभं केलं. मूर्तीचे हात, शस्त्रं, घोडा स्वतः बघून लिही. माझ्या पत्रावरून उतरवू नकोस. (महात्मा फुल्यांचं जोतीराव हे नावही याच देवावरून, हे वर्गात किती पोरांना सांगितलं, एकाच्याही लक्षात राहिलं नसेल.)

चैत्र पौर्णिमेची यात्रा तू बघितलीयस, तेव्हा गुलाल-खोबऱ्याचं वर्णन आवर. सगळे तेच लिहितात. त्यापेक्षा सासनकाठी धरणाऱ्याशी बोल. उंच काठी, वाऱ्यानं हेलकावे, चारी बाजूंनी दोर ओढून तोल सांभाळणारी माणसं. प्रत्येक गावाचा मान ठरलेला, पहिला निनाम पाडळीचा. ‘हा मान तुमच्याकडं कसा आला?’ एवढंच विचार आणि गप्प बस. मधे बोललीस की माणूस आटोपतं घेतो. आणि काठ्या डोंगरावरच्याच यमाईच्या देवळाकडं का जातात, तेही विचार. तिथं जमदग्नी म्हणून कट्यारीशी यमाईचं लग्न लागतं. नवरदेव कट्यार आहे, हे ऐकून तुझ्या मैत्रिणी हसतील. हसू देत.

येत्या रविवारी पहाटे शिवाजी पुलापाशी थांब, आमच्या गल्लीतल्या बायका निघणार आहेत, त्यांच्यात मिसळ. माझे गुडघे आता चढणीला ऐकत नाहीत, मी एसटीनं वर येतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणतो. मोबाईल पिशवीत ठेव, आणि टाचेला लावायला खोबरेल घे.

तुझा,
सर