फुलपाखरं यावीत म्हणून कोणती फुलझाडं लावावीत? आणि लिंबावरच्या हिरव्या अळ्यांना कोणतं औषध मारावं?

ज्या अळ्यांना मारायला तुम्ही औषध विचारताय, तीच तुमची फुलपाखरं आहेत. तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथं फुलपाखरं यावीत म्हणून फुलझाडं लावायची आहेत, आणि जमलं तर लिंबावरच्या अळ्यांवरचं औषधही सांगा. या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नात वाचल्यावर राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आपल्याकडे लिंबावर आणि कढीपत्त्यावर दिसणारी अळी बहुतेक वेळा लाइम किंवा कॉमन मॉरमॉन या दोन फुलपाखरांपैकी एकाची असते. मादी कोवळ्या पालवीवर एकेक करून अंडं घालते, जेमतेम एक मिलिमीटरचं, गोल, फिकट पिवळं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते, आधी अंड्याचं कवच खाते आणि मग पानाला तोंड लावते. सुरुवातीच्या अवस्थांत ती काळपट-तपकिरी असते, मध्ये पांढरट डाग, अगदी चिमणीची शिट पडल्यासारखी. शेवटची कात टाकली की एकदम हिरवी होते. म्हणून लोकांना वाटतं, झाडावर दोन वेगळ्या किडी पडल्यात. तिला डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुबेळकं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चावत नाही, खाज आणत नाही. अंड्यातून निघाल्यापासून साधारण दोन-अडीच आठवड्यांत कोष, पुढं आठ-दहा दिवसांत फुलपाखरू. थंडीत हे सगळं लांबतं.

कढीपत्त्यावर अंडी घालणारी काळी, लाल-पांढऱ्या ठिपक्यांची मादी दिसली तर ती कॉमन रोझ समजू नका. कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोझसारख्या दिसतात. कॉमन रोझ विषारी, पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनची मादी तेच रूप घेऊन वाचते. ओळखायची सोपी खूण म्हणजे अंग. कॉमन रोझचं अंग लाल, मॉरमॉनचं काळं.

आता औषधाचं. आमच्या तात्यांशी माझा या बाबतीत जुना वाद आहे. शेतीत आयुष्य गेलेला माणूस. अळी दिसली की झाड गेलंच समजा, हे त्यांचं म्हणणं. एका पावसाळ्यात त्यांनी दारातल्या लिंबावर आणि कढीपत्त्यावर आंतरप्रवाही कीटकनाशक मारलं. असलं औषध नुसतं पानावर बसत नाही, झाडाच्या रसात जातं. वरून पाऊस पडून पान धुतलं तरी आतलं औषध आतच राहतं. मादीला हे कळायचा मार्ग नाही. ती पानावर पुढचे पाय आपटून लिंबाची ओळख पटवते, विषाची नाही, म्हणून फवारणीनंतरही माद्या येऊन अंडी घालत राहिल्या. अंडी फुटत होती, पण अळी काही मोठी दिसेना. एक पान तोडून भिंगाखाली धरलं. कडेला सुईच्या टोकाएवढं कुरतडलेलं, आणि त्याला लागूनच वाळून काळी पडलेली दोन मिलिमीटरची अळी. पहिलाच घास. तात्यांना दाखवलं तर म्हणाले, “मग औषध चांगलं लागू पडलंय की!” मी म्हटलं, तात्या, हाच पाला आपल्या फोडणीत पडतो. आईनं त्या दिवसापासून त्या कढीपत्त्याला हात लावला नाही, आणि त्या हंगामात घरचं झाड असून मंडईतनं कढीपत्ता आणावा लागला.

तात्यांचा मूळ मुद्दाही खरा नाही. कमरेएवढ्या लिंबावर चार-सहा अळ्या असल्या तर झाडाला काही होत नाही. सगळ्यांत जास्त खाणं शेवटच्या हिरव्या अवस्थेत होतं, ते काही दिवसच चालतं. झाड पुन्हा पालवतं, आणि त्या कोवळ्या पालवीवरच पुढची अंडी पडतात. झाड खरंच वाळत असेल तर कारण बहुतेक कुंडीत असतं: निचऱ्याचं भोक बुजलेलं, नुसत्या काळ्या मातीचा गोळा झालेला, किंवा मुळं तळाशी गुंडाळलेली. लिंबू-कढीपत्त्याला सोळा इंची कुंडी, निम्मी माती, पाव हिस्सा कुजलेलं शेणखत, पाव हिस्सा जाड वाळू.

“कडुनिंबाचं तेल तर नैसर्गिक आहे,” असंही तुम्हाला कुणी सांगेल. त्यानं अळीचं खाणं सुटतं आणि कात टाकणं बिघडतं. अळीच्या दृष्टीनं ते विषच.

फुलझाडांबद्दल थोडक्यात: पेंटास, इक्सोरा, झिनिया, कॉसमॉस, जमैकन स्पाइक, साधा एकेरी झेंडू. गच्च दुहेरी पाकळ्यांच्या फुलात फुलपाखराची सोंड मधापर्यंत पोचत नाही. एकाच जातीची पाच-सहा झाडं एकत्र लावा, सुटी-सुटी नको. सहा तास ऊन हवं, आणि पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा अडवायला त्या बाजूला भिंत किंवा कुंपण असलेलं बरं. अंगणात आपोआप उगवणारी एकदांडी उपटू नका, लहान फुलपाखरांची ती खानावळ आहे.

पण फुलावर फुलपाखरू येतं आणि पोट भरून निघून जातं. ते राहावं, वाढावं असं वाटत असेल तर त्याच्या अळीचं झाड लावा. प्रत्येक जातीचं ठरलेलं असतं. रुई आणि हळदीकुंकवावर प्लेन टायगर. कण्हेर लावलीत तर कॉमन क्रो. तिचा कोष आरशासारखा चकाकतो. पानफुटीवर रेड पिएरो येतं, तिची अळी जाड पानाच्या आत शिरून गर खाते, म्हणून पान फोड आल्यासारखं पारदर्शक दिसलं तर रोग समजून तोडू नका. कृष्णकमळावर टॉनी कॉस्टर, सोनचाफा-सीताफळावर टेल्ड जे, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. सापसंदीचा वेल मिळाला तर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ दोन्ही. आणि घोळीची भाजी थोडी तशीच वाढू द्या, डॅनेड एगफ्लाय तिच्यावर अंडी घालते.

रुईवरून आठवलं. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं तोडताना खालची बाजू बघून घ्या, प्लेन टायगरची अंडी तिथंच असतात.

मे संपता-संपता कढीपत्ता आणि लिंबाच्या वरच्या फांद्या छाटा, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर कोवळी पालवी येते. अशीच हलकी छाटणी सप्टेंबरात. एकाच वेळी सगळी झाडं छाटू नका, निम्मी ठेवा. हळदीकुंकवावर पिवळा मावा हमखास पडतो. अंडी-अळ्या नाहीत हे बघून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन टाका. मुंग्यांची रांग झाडावर चढत असेल तर ताटात पाणी भरून त्यात विटेवर कुंडी ठेवा.

अळ्या घरात वाढवायच्या तर मोठी बरणी किंवा खोका, तोंडाला मलमल, तळाला कागद. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवलीत तर बाटलीचं तोंड कापसानं घट्ट बुजवा, नाहीतर अळ्या पाण्यात उतरून बुडतात. कागद रोज बदला. कोंदट, ओल्या खोक्यात गर्दी झाली की विषाणूचा रोग पसरतो. अळी मऊ पडते, काळवंडते, फांदीला लोंबकळते आणि तिच्यातून पाणी गळतं. ती फांदीसकट बाहेर काढा, खोका ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवा, दोन दिवस उन्हात ठेवा. जुलैतल्या झडीत हे सगळ्यांत जास्त होतं, म्हणून तेव्हा एका बरणीत दोन-तीनच अळ्या ठेवाव्यात. अळीला बोटांनी उचलू नये, पानासकट हलवावी. स्तब्ध बसलेली अळी मेलेली नसते, ती कात टाकायच्या बेतात असते; तेव्हा हात लावलात तर पाय सुटतात आणि कात अडकते.

कोषाआधी अळी पातळ विष्ठा टाकते, आखडते आणि भटकायला लागते. खोक्यात एक-दोन खरखरीत काटक्या उभ्या ठेवा. मॉरमॉन आणि लाइम कमरेला रेशमाचा दोर बांधून तिरकी टेकते, प्लेन टायगर उलटी लटकते. ताजा, मऊ कोष उघड्यावर ठेवू नका, बारीक गांधीलमाश्या त्यात अंडी घालतात आणि मग फुलपाखराऐवजी बारक्या छिद्रातून माश्या निघतात. कोषाखाली फुलपाखराच्या पंखांच्या दुप्पट तरी मोकळी जागा हवी. बाहेर आल्यावर ते लालसर पाणी टाकतं, ते रक्त नव्हे. पंख सुकायला दोन-तीन तास द्या आणि सकाळच्या उन्हात सोडा. झड लागली असेल तर अंधाऱ्या, थंड जागी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं तरी चालतं.

एका कोपऱ्यात उथळ परात ठेवा: माती, वाळू, मूठभर शेण, चिमूटभर मीठ, कायम ओली. नर क्षार शोषायला येतात. दुसऱ्या ताटलीत काळं पडलेलं केळं आणि गूळ. आंब्यावर वाढणारं बॅरन फुलाकडं फारसं फिरकत नाही, या ताटलीवर मात्र येतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. लिंबाची बाग किंवा रोपवाटिका असेल तर माझा सल्ला लागू नाही, वीतभर रोपाचा एक अळीसुद्धा खराटा करते. तिथं अळी वेचून मोठ्या लिंबावर किंवा बेलावर सोडावी. नर्सरीतून आणलेल्या लिंबावर आधीच आंतरप्रवाही औषध मारलेलं असू शकतं, म्हणून तीन-चार महिने त्याच्यावर अळ्या वाढवू नका. घाणेरीवर फुलपाखरं खूप येतात, पण ती रानभर पसरते, मुद्दाम लावू नका. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यातून अळ्या किंवा सापसंदीचा वेल उपटून आणणं हा गुन्हा आहे. घरात लहान मूल किंवा शेळी असेल तर कण्हेर नको. आणि रुईची फांदी तोडल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका, तो चीक डोळ्यात गेला तर थेट डॉक्टरकडे जावं लागतं.