पडत्या काळातल्या फुटबॉल क्लबच्या नव्या चाहत्याला

सलग चार मॅच हरल्यावर दुसरी टीम धरावीशी वाटणारच. पण आधी गुणतक्ता वाचायला शीक. नुसता क्रमांक बघून रडू नकोस. हंगामाअखेर खालच्या लीगमध्ये ढकलल्या जाणाऱ्या शेवटच्या तिघांपासून अंतर किती, गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) किती, उरलेल्या मॅच कुणाशी, हे बघ. तळाच्याच दुसऱ्या संघाशी मॅच असेल तर ती आपली फायनल समज. तिथे जिंकलं की आपल्याला तीन गुण आणि समोरच्याला भोपळा, म्हणजे दुहेरी फायदा.

घसरण कुठवर जाऊ शकते, तेही माहीत असू दे. पोर्ट्समथ या इंग्लिश क्लबने 2008 मध्ये एफए कप ही इंग्लंडची मानाची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. पुढे कर्जात बुडून 2013 मध्ये क्लब घसरत घसरत इंग्लंडच्या लीगच्या चौथ्या पातळीवर गेला. त्याच वर्षी चाहत्यांच्या ट्रस्टने तो विकत घेतला! संडरलँड 2017 आणि 2018 मध्ये लागोपाठ खाली आला, चार हंगाम तिसऱ्या पातळीवर अडकला आणि 2025 मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर परतला. अर्थात, प्रत्येक क्लब परततोच असं नाही.

निष्ठा म्हणजे डोळे मिटणं नव्हे. मालक पैसा उधळत असेल तर खुशाल बोल. फक्त अकादमीतून, म्हणजे क्लबच्याच तरुणांच्या प्रशिक्षण केंद्रातून आलेल्या पोराच्या एका चुकलेल्या पासवर तुटून पडू नकोस. क्लब बुडताना बहुतेकदा अशीच पोरं खेळवावी लागतात. आणि मॅनेजर बदला म्हणून ओरडण्याआधी बचावफळीतले किती जण जखमी आहेत, तेवढं बघून घे.